वरच्या आकड्याचा हट्ट

मोबाईलच्या दुकानात, टीव्ही बसवायला आलेल्या मुलाकडून, 'फोनमधल्या या सेटिंग लगेच बदला' असं सांगणाऱ्या रीलमधून सध्या एकच सल्ला मिळतो. व्हिडिओची क्वालिटी ऑटोवर ठेवू नका, यादीतला सर्वांत वरचा आकडा निवडा. एवढा महागाचा फोन घेतलात, फोर-के टीव्ही घेतलात, मग ४८०वर कशाला बघता? सल्ला देणारे मनापासून देतात, ऐकणारे मनापासून पाळतात. पण सल्ला मुळातच चुकीचा आहे. त्याचा भुर्दंडही ज्यांना तो सर्वांत कमी परवडतो त्यांनाच बसतो, म्हणून त्याचा प्रतिवाद सविस्तर करायला हवा.

आधी तो आकडा काय सांगतो ते पाहू. १०८०पी म्हणजे चित्रात एकाखाली एक अशा १०८० ओळी आणि प्रत्येक ओळीत १९२० ठिपके. गुणाकार केला की साधारण २०.७ लाख ठिपके होतात. ७२०पीमध्ये ते ९.२ लाख असतात, फोर-केमध्ये सुमारे ८३ लाख. आकडा सांगतो ते एवढंच. त्या ठिपक्यांत रंग किती नीट भरला आहे, हालचाल किती सांभाळली आहे, मूळ चित्रीकरण कसं झालं आहे, यातलं काही त्यात नाही. ते ठिपके तुमच्या डोळ्यांपर्यंत पोचतात की नाही, हे तर त्याला ठाऊक असण्याचं कारणच नाही.

पोचतात का, ते मोजता येतं. डोळ्यांच्या दवाखान्यात जिला ६/६ म्हणतात ती नजर एका अंशाच्या साठाव्या भागाएवढ्या कोनातला तपशील वेगळा ओळखते. तीस सेंटिमीटरवर धरलेल्या फोनवर हा तपशील ०.०८७ मिलिमीटरचा होतो. साडेसहा इंची फोन आडवा धरला की नेहमीच्या लांबट आकाराचा व्हिडिओ त्यावर जेमतेम ६.८ सेंटिमीटर उंचीचा दिसतो. भागाकार केला तर ७८०च्या आसपास ओळी येतात. चांगली नजर असलेल्या माणसाला त्या पडद्यावर एवढ्याच ओळी वेगळ्या दिसू शकतात. हात थोडा लांब करून फोन चाळीस सेंटिमीटरवर नेला की ही संख्या सहाशेच्याही खाली येते. बसमध्ये, लोकलमध्ये, जेवताना आपण बहुतेक वेळा फोन उभाच धरतो. वरच्या पट्टीत व्हिडिओ आणि खाली बाकी सगळं. तेव्हा व्हिडिओची उंची ३.८ सेंटिमीटर राहते आणि डोळ्याला पेलतील अशा ओळी ४४०. म्हणजे उभ्या फोनवर ४८०पी पाहणारा माणूस काहीही गमावत नाही. १४४०पी लावणारा काही कमावत नाही, फक्त डेटा जाळतो. त्यातही स्वस्तातल्या पुष्कळ फोनचा पडदाच ७२० ठिपक्यांच्या रुंदीचा असतो. तिथे १४४० मागवायचं आणि फोनने ते पुन्हा लहान करून दाखवायचं, एवढाच खटाटोप.

टीव्हीचं गणित याहून बोलकं आहे. आपल्याकडच्या दिवाणखान्यात ४३ इंची टीव्ही भिंतीला आणि सोफा समोरच्या भिंतीला, मध्ये आठेक फूट. एवढ्या अंतरावरून त्या पडद्यावरच्या ७५० ओळी वेगळ्या दिसतात. १०८०पीचा प्रत्येक ठिपका दिसावा असं वाटत असेल तर साडेपाच फुटांच्या आत यावं लागेल, आणि फोर-केचा पुरेपूर लाभ हवा असेल तर तीन फुटांच्याही आत. घरात टीव्हीपासून तीन फुटांवर फक्त लहान मुलं बसतात आणि आपण त्यांना मागे सरकवतो. ५५ इंची टीव्ही घेतला तरी हे अंतर साडेतीन फुटांच्या आसपासच राहतं. उलट टेबलावरचा २७ इंची मॉनिटर आपण दोन फुटांवरून पाहतो. तिथे डोळ्याला एकोणीसशे ओळी दिसतात, म्हणजे फोर-के खरोखर कामी येतं. जिथे ते लागतं त्या पडद्याबद्दल कुणी बोलत नाही आणि जिथे लागत नाही तिथे ते विकलं जातं. शाळांतल्या जुन्या प्रोजेक्टरचं तर विचारूच नका. १०२४ गुणिले ७६८ ठिपक्यांच्या प्रोजेक्टरवर लांबट व्हिडिओला ५७६ ओळीच मिळतात. त्याला १०८० पुरवण्यासाठी शिक्षक आपल्या मोबाईलचा हॉटस्पॉट रिकामा करतात, हे पाहून वाईट वाटतं.

आता समोरच्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा. ते म्हणतात, गणित राहू द्या, आम्ही १०८०च्या पडद्यावर १०८० आणि फोर-के दोन्ही लावून पाहिलं, फोर-के स्पष्ट दिसतं. हे खरं आहे. मी ते नाकारत नाही. फक्त कारण त्यांना वाटतं ते नाही. व्हिडिओ दर सेकंदाला ठरावीक मापाच्या डेटात दाबून पाठवला जातो, त्याला बिटरेट म्हणतात. वरच्या पर्यायाला जास्त बिटरेट मिळतो, अनेकदा दाबण्याची पद्धतही नवी मिळते, शिवाय रंगाची माहिती ठिपक्यांच्या निम्म्याच मापाने साठवली जात असल्यामुळे मोठं चित्र लहान करताना रंग जरा जास्त नेटके बसतात. म्हणजे फरक दिसतो तो भरलेल्या डेटाचा, ओळींच्या संख्येचा नाही. याचा पुरावा यूट्यूबनेच दिला आहे. २०२३मध्ये त्यांनी पैसे भरणाऱ्या ग्राहकांसाठी '१०८०पी प्रीमियम' आणलं. ओळी तितक्याच, ठिपके तितकेच, बिटरेट जास्त. एकाच आकड्याच्या दोन प्रती असू शकतात आणि त्यातली एक चांगली असू शकते, हे मान्य केल्यावर आकडा म्हणजेच दर्जा हा दावा उरतोच कुठे?

नेटफ्लिक्सच्या अभियंत्यांनी तर हा दावा त्याच्याही आधी सोडला. पूर्वी ते १०८०पीच्या प्रत्येक चित्रपटाला सरसकट सेकंदाला ५८०० किलोबिट द्यायचे. डिसेंबर २०१५मध्ये त्यांनी जाहीर केलं की यापुढे प्रत्येक चित्रपटासाठी मोजमाप वेगळं राहील. सपाट रंगांच्या कार्टूनला एवढा डेटा लागतच नाही आणि धूर, पाऊस, गर्दी असलेल्या दृश्याला तो अपुरा पडतो. ज्यांचा रोजचा धंदा चित्र पोचवण्याचा आहे त्यांनी एकच मापटं सगळ्यांना लावणं बंद केलं. आपण मात्र घरातल्या प्रत्येक पडद्याला आणि प्रत्येक व्हिडिओला तेच लावतो आहोत.

मूळ चित्रीकरणाचा मुद्दा थोडक्यात सांगतो, कारण त्यात वादाला जागा नाही. जुन्या मराठी चित्रपटांची गाणी 'फोर-के' अशी पाटी लावून चढवलेली असतात. त्यातली बरीच एखाद्या व्हीसीडीवरून किंवा टेपवरून घेतलेली. व्हीसीडीचं चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं. दूरदर्शनच्या पाल पद्धतीत ६२५ ओळी होत्या, त्यातल्या ५७६ चित्राच्या. १९८७मध्ये ज्या 'रामायणा'साठी रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे, ते याच ५७६ ओळींत देशाने पाहिलं. मूळ फिल्मवरून नव्याने स्कॅन केलेली प्रत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे वरचा पर्याय जरूर निवडा. पण टेपवरच्या चित्राला संगणकाने ताणून मोठं केलं असेल, तर २१६० निवडून तुम्ही ताणलेपणाच मोठ्या मापात विकत घेता.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग सगळ्यांनी डेटा सेव्हर लावावा आणि ३६०वर भागवावं. तेही मला मान्य नाही. हा दुसरा सल्लाही तितकाच आळशी आहे, आणि अभ्यास करणाऱ्या मुलांच्या बाबतीत तो पहिल्यापेक्षा जास्त घातक आहे.

गणिताचा एखादा तास उघडून पाहा. कॅमेऱ्यात पूर्ण फळा आला आहे, फळ्यावर बारा ओळी लिहिल्या आहेत. ३६०पीवर प्रत्येक ओळीच्या वाट्याला तीस ठिपक्यांची उंची येते. ओळींमधली मोकळी जागा वजा केली की अक्षराला साधारण पंधरा. त्यात काना, वेलांटी, रफार बसवायचे. दशांश चिन्ह आणि अनुस्वार यांना दोन ठिपके मिळाले तर नशीब. आणि हेच दोन ठिपके दाबणी करणारी यंत्रणा सर्वांत आधी खाते, कारण हिरव्या किंवा काळ्या फळ्यावरची बारीक पांढरी टिंबं तिला खडूच्या धुळीसारखीच वाटतात. मग ३.५चे ३५ होतात, वजा चिन्ह पुसट होतं, घातांक खालच्या अंकाला चिकटतो. मूल उदाहरण तीनदा सोडवतं आणि उत्तर जुळत नाही म्हणून स्वतःला ढ समजतं. ७२०पीवर तीच ओळ साठ ठिपक्यांची होते आणि दशांश चिन्ह जागेवर दिसतं. स्पर्धा परीक्षेच्या व्याख्यानात स्लाइड असतात, हिशेबाच्या वर्गात एक्सेलच्या चौकटी असतात, प्रोग्रॅमिंगच्या धड्यात स्वल्पविराम आणि अर्धविराम असतात. असं काही पडद्यावर असेल तर फोन आडवा करा, डोळ्यांजवळ घ्या आणि ७२० किंवा १०८० लावा. तिथे डेटा वाचवणं म्हणजे शिकणं वाया घालवणं.

याच मुलाने संध्याकाळी एखादी मुलाखत पाहिली, ज्यात दोन माणसं खुर्चीत बसून तासभर बोलतात, तर ३६० भरपूर झालं. कीर्तन किंवा नाट्यसंगीताची मैफल लावून फोन पालथा ठेवला असेल तर १४४वर आणा. यूट्यूबवर चित्र आणि आवाज असे दोन वेगळे प्रवाह येतात, त्यामुळे चित्र कमी केलं म्हणून गाणं बेसूर होत नाही. आणि क्रिकेटमध्ये तर ओळींपेक्षा दर सेकंदाला किती चित्रं येतात ते महत्त्वाचं. युरोपातल्या प्रसारण संस्थांच्या संघटनेने, ईबीयूने, २००४मध्ये एचडी प्रसारणासाठी ७२० ओळी आणि सेकंदाला पूर्ण ५० चित्रं हीच शिफारस केली होती. अमेरिकेत खेळ दाखवणारी ईएसपीएन वाहिनी ७२० ओळी आणि ६० चित्रं हे गणित वापरत आली. धावता चेंडू सेकंदाला पंचवीस-तीस चित्रांत पुसट रेघ बनतो, पन्नास-साठ चित्रांत चेंडूच राहतो. यादीत '७२०पी६०' आणि नुसतं '१०८०पी' असे पर्याय दिसले तर सामन्यासाठी पहिला निवडावा. वरचा आकडा इथे चक्क वाईट चित्र देतो.

पाहण्यातला हट्ट चित्रीकरणातही शिरला आहे. लग्नाच्या हॉलमध्ये प्रत्येक भाचा फोर-के, सेकंदाला साठ फ्रेम, म्हणजे साठ चित्रं, लावून उभा असतो. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्येच लिहिलेलं असतं की अशा चित्रीकरणाच्या एका मिनिटाला सुमारे ४०० एमबी लागतात, तर १०८०पी आणि तीस फ्रेमला ६०. तासाभराच्या विधीला २४ जीबी. मग फोन भरतो, मंगलाष्टकं चालू असताना जागा संपल्याची सूचना येते आणि अक्षता पडताना कॅमेरा बंद. उरलेलं व्हॉट्सऍपवर पाठवलं जातं, जिथे ते दाबून मूळच्या एका लहानशा अंशावर येतं. एचडीचा पर्याय २०२३मध्ये आला, तोही फोर-के नाही. ज्यांना मूळ प्रत पाठवायची आहे त्यांनी ती डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. २ जीबीपर्यंतची फाइल तशी जाते आणि तिच्यात काटछाट होत नाही.

साठ फ्रेमचा आणखी एक तोटा आहे, तो आपल्या विजेशी जोडलेला आहे. भारतातली वीज ५० हर्ट्झची. साध्या ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. कॅमेरा तीस किंवा साठच्या हिशेबाने चालला की त्याचा आणि दिव्यांचा मेळ बसत नाही, चित्रात पट्टे सरकतात, उजेड लुकलुकतो. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथल्या माणसाने व्हिडिओत दिलेला सल्ला तिथे बरोबर असतो. आपल्या हॉलमध्ये २५ फ्रेम आणि शटर एकपन्नासांश, हे जास्त शांत चित्र देतं. आयफोनच्या सेटिंगमध्ये पालचे पर्याय दाखवण्याची सोय आहे, ती चालू केली की २५ दिसू लागतं. शिवाय साठ फ्रेममध्ये प्रत्येक चित्राला उजेड घ्यायला सेकंदाच्या साठाव्या भागाहून जास्त वेळ मिळूच शकत नाही. रात्रीच्या मांडवात नवरीचा चेहरा दाणेदार का येतो, याचं एक कारण हे. फोर-केमध्ये चित्रीकरण करण्याचं एक रास्त कारण आहे. नंतर संकलन करताना चित्राचा भाग कापून मोठा करता येतो. ज्यांना संकलन करायचं आहे त्यांनी ते करावं. बाकीच्यांनी चांगल्या उजेडात, हात स्थिर ठेवून १०८० घ्यावं. ते दहा वर्षांनीही बघवेल.

जुन्या यंत्रांवर वरचा आकडा नुसता निरुपयोगी नसतो, त्रासदायक असतो. व्हिडिओ दाबण्याच्या पद्धती बदलत गेल्या. एच.२६४ २००३चं, व्हीपी९ आणि एचईव्हीसी २०१३चं, एव्ही१ २०१८चं. त्या पद्धतीने दाबलेला व्हिडिओ उलगडणारा खास भाग चिपमध्ये असेल तर काम सहज होतं. नसेल तर सगळा भार प्रोसेसरवर येतो, लॅपटॉपचा पंखा घोंघावतो, फोन तापतो, बॅटरी झरझर उतरते आणि चित्र अडखळतं. आयफोनमध्ये एव्ही१ उलगडणारा भाग २०२३च्या १५ प्रोपासून आला, मग आठ वर्षं जुन्या लॅपटॉपकडून काय अपेक्षा करायची? यूट्यूबवर हे स्वतः तपासता येतं. संगणकावर व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा. एका ओळीत कोणती पद्धत चालू आहे ते दिसतं, दुसरीत किती फ्रेम गळाल्या. गळालेल्या फ्रेमचा आकडा चढत असेल तर एक पायरी खाली या. चित्र लगेच सुधारेल. आणि पैसे देऊन घेतलेल्या ओटीटीवर फोनने कितीही मोठा पडदा मिरवला, तरी त्यात वाइडवाइन या नक्कल रोखणाऱ्या यंत्रणेची एल१ पातळी नसेल आणि नुसती एल३ असेल, तर नेटफ्लिक्ससारखी सेवा त्याला ४८०च्या वर जाऊ देत नाही. दुकानात पडद्याचे ठिपके विचारण्याआधी हे विचारायला हवं.

उरला पैशांचा मुद्दा. डेटा आता स्वस्त आहे, असं वरच्या आकड्यावाले म्हणतात. वायफाय असलेल्या घरातून ते म्हणणं सोपं आहे. जुलै २०२४मध्ये दर वाढले तेव्हा जिओचा दिवसाला दीड जीबीचा, २८ दिवसांचा पॅक २३९ रुपयांवरून २९९वर गेला. नेटफ्लिक्सचा स्वतःचा हिशेब सांगतो की एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत डेटा जातो आणि फोर-केला ७ जीबी. म्हणजे दीड जीबीत एचडीचा अर्धा तास. त्यानंतर वेग ६४ केबीपीएसवर येतो, ज्यावर १४४पीही धड चालत नाही. ज्या घरात एकच फोन आहे, आईच्या हातातून तो संध्याकाळी मुलीकडे अभ्यासाला जातो, त्या घरात सकाळी कुणी 'सर्वांत वरचा' पर्याय लावून ठेवला असेल तर संध्याकाळचा तास बुडतो. हे नुकसान सल्ला देणाऱ्याला दिसत नाही.

आणि कमी आकड्यावर देशाचं भागत नाही असंही नाही. २४ मार्च २०२० रोजी, टाळेबंदी जाहीर झाली त्याच दिवशी, भारतातल्या व्हिडिओ कंपन्यांनी मोबाईल नेटवर्कवर ४८०पीच्या वर जायचं नाही असं १४ एप्रिलपर्यंतसाठी ठरवलं. एरवी चढाओढ करणाऱ्या कंपन्या एकत्र आल्या, कारण नेटवर्कवर ताण येत होता. लोकांनी त्या आठवड्यांत चित्रपट पाहिले, बातम्या पाहिल्या. अडलं कुठे? फळ्यावर. तिथे ४८० अपुरं पडलं, आणि नेमकं तिथेच सवलत हवी होती.

ऑटोवर माझा राग नाही. पण त्याला फक्त नेटचा वेग आणि खिडकीचा आकार कळतो. तुमच्या पॅकमध्ये किती उरलं आहे, समोर फळा आहे की मुलाखत, फोन आजोबांच्या हातात आहे की परीक्षेला बसणाऱ्या नातीच्या, यातलं त्याला काही कळत नाही. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये मोबाईल नेटवर्क आणि वायफाय यांच्यासाठी वेगवेगळी निवड करून ठेवता येते. मोबाईल नेटवर्कला डेटा सेव्हर, वायफायला वरचा दर्जा असं एकदा लावून टाकावं आणि फळा दिसला की त्या व्हिडिओपुरतं हाताने वाढवावं. शिकवणाऱ्यांनी अर्धाच फळा कॅमेऱ्यात घ्यावा आणि अक्षर मोठं काढावं, म्हणजे ३६०वर पाहणाऱ्या मुलापर्यंतही दशांश चिन्ह पोचेल. कंपन्यांनी निवडीच्या त्या यादीत प्रत्येक आकड्याशेजारी तासाला किती एमबी जातील ते छापावं. नेटफ्लिक्सला आपल्या मदतीच्या पानावर ते लिहिता येतं, तर ज्या यादीवर बोट ठेवून माणूस निवड करतो तिथे ते लिहायला कुणाचीच हरकत नसावी.